आधी नळाला पाणी कधी येतं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: "मी डोंबिवलीला राहते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. माझी साडेचार वर्षांची मुलगी रिचर्ड स्कॅरीच्या बिझीटाउनवरची मालिका रोज बघते. मांजर, डुक्कर, गांडूळ सगळे एका गावात राहतात, कामाला जातात, हे तिला फार आवडतं. मला तसंच मराठीत, मुंबईतल्या प्राण्यांचं करायचं आहे. बारा प्राणी काढून झालेत, पण गोष्ट पुढे सरकत नाही. प्राणी कसे निवडायचे? लहानमोठ्या आकारांचं काय करायचं? कुणाला कुठलं काम द्यायचं? आणि हे एकटीने होईल का?"

तुमची चित्रं मी पाहिलेली नाहीत, तरी गाडी कुठे अडली असेल याचा अंदाज आहे. तुम्ही भाडेकरू आधी आणलेत आणि चाळ अजून बांधलेलीच नाही. बारा जण कोऱ्या कागदावर उभे आहेत आणि एकमेकांची तोंडं बघतायत. बोलायला निमित्त लागतं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत निमित्त जागेतून निघतं. नळावर रांग असते, जिन्यात कुणाची तरी सायकल आडवी असते, गच्चीची किल्ली एकाच घरात असते आणि ते घर नेमकं गावाला गेलेलं असतं.

मी या धंद्यात २६ वर्षं आहे. अंधेरीच्या एका स्टुडिओत इनबिटविनर म्हणून लागले तेव्हा कागद, पेन्सिल आणि काचेखाली दिवा असलेलं टेबल एवढाच संसार होता. दोन मुख्य पोझांच्या मधली चित्रं काढायची, सकाळपासून रात्रीपर्यंत. कामं परदेशातून यायची आणि त्यांत प्राण्यांच्या गावांच्या मालिका बऱ्याच असायच्या. अशा पहिल्या मालिकेचं बाड आलं तेव्हा आम्ही सगळे पात्रं बघायला धावलो. वरचं पान निघालं नकाशाचं. बेकरी कुठे, बेकरीच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की काय दिसतं, तळ्याकडे जाताना ऊन कुठल्या बाजूने येतं. पात्रं नंतर, सातव्या-आठव्या पानावर. मला वाटलं, असते एकेकाला नकाशांची हौस. दोन वर्षांनी लक्षात आलं की त्या गावातून मी डोळे मिटून चालत जाऊ शकते, आणि जिथे राहते त्या कांदिवलीतली मागची गल्ली मला धड ठाऊक नाही.

तुमची मुलगी जे बघते त्याचं मूळही तिथेच आहे. मुलांच्या पुस्तकांचे अमेरिकी लेखक-चित्रकार स्कॅरी १९१९ साली जन्मले, १९९४ साली गेले. त्याच वर्षी त्यांच्या पुस्तकांवरची पहिली मालिका टीव्हीवर आली. २००७ साली दुसरी आली, ज्यात हकल नावाचं मांजर आपल्या मित्रमंडळींबरोबर दर भागात एखादं कोडं सोडवतं. दोन्हींच्या मुळाशी असलेल्या पुस्तकांपैकी १९६८ सालच्या एकाचं नावच मुळी प्रश्न आहे: लोक दिवसभर करतात तरी काय? त्यात पत्र टाकल्यापासून पोचेपर्यंत काय होतं, घर कसं बांधतात, पाव कुठून येतो, हे सगळं घराची एक भिंत काढून आतलं दाखवावं तसं काढलंय. प्राणी गोड आहेतच. पण मूल त्या पानावर अर्धा तास बसतं ते गोडव्यासाठी नव्हे. मोठी माणसं सकाळी दार ओढून कुठे जातात आणि संध्याकाळी दमून का येतात, हे त्याला कुणी धड सांगितलेलं नसतं. तिथे ते दिसतं.

आता आपली मजा बघा. स्कॅरींना भिंत काढावी लागली. चाळीला ती नसतेच. समोरून चाळ काढा: तीन मजले, लांब गॅलऱ्या, प्रत्येक मजल्यावर आठ-दहा दारं, मधे जिना, खाली अंगण. कोण दार उघडून दात घासतंय, कोण वाळत टाकतंय, कुणाकडे पाहुणे आलेत, कोण कुणाशी बोलत नाहीये, सगळं एका चित्रात. ॲनिमेशनमध्ये बॅकग्राउंड महाग पडते; चाळीची एकच बॅकग्राउंड नीट रंगवली की सकाळ, दुपार, पाऊस आणि दिवाळी अशा चार रंगांत वर्षभर पुरते. इमारतीतल्या फ्लॅटचं दार बंद झालं की गोष्ट संपते. म्हणून तुम्ही स्वतः टॉवरमध्ये राहत असलात तरी मालिका चाळीत ठेवा, आणि शेजारी एक टॉवर बांधला जात असू द्या. क्रेन मुलांना आवडते आणि ते खोटंही नाही.

नकाशात माझ्या मते सगळ्यात आधी पाणी बसवायचं. हे मी शिकले ते एका बालवाडीत. काही वर्षांपूर्वी आम्ही असाच एक पायलट, म्हणजे मालिकेचा नमुन्याचा भाग, करत होतो, आणि त्याचा ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजाला लावून केलेली कच्ची फिल्म, लालबागच्या एका बालवाडीत दाखवली. विनोदांवर मुलं हसली, गाण्यावर नाचली. संपल्यावर मी विचारलं, काही प्रश्न? पाच वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "यांच्याकडे पाणी किती वाजता येतं?" आमच्या पायलटमधल्या गावात नळच नव्हता. आठ महिने काम करून आमच्यापैकी एकालाही तो आठवला नव्हता, आणि आमच्यातले निम्मे चाळीत वाढलेले.

पाण्याचा मार्ग आखला की बाकीचं गाव आपोआप उभं राहतं. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, वरची वैतरणा आणि मधली वैतरणा. यातले तुळशी आणि विहार मुंबईतच आहेत, बाकीचे शहराबाहेर लांबवर. तिकडून मोठ्या जलवाहिन्या, मग जलशुद्धीकरण, टेकडीवरचा जलाशय, मग गल्लीतली चावी फिरवणारा कर्मचारी, आणि शेवटी पहाटे खोकणारा नळ. नळ आधी खोकतो, मग हवा सोडतो, मग धार येते. हा आवाज नक्की ठेवा. एवढ्या एका धाग्यावर निदान सहा भाग होतात: चावीवाला आजारी पडला, पाइप फुटून रस्त्यात कारंजं झालं, पिंप भरून ठेवलं आणि त्यात बेडूक पोहायला उतरला. तसाच दुधाचा धागा, डब्यांचा, कचऱ्याचा, फुलांचा. डबेवाल्यांची पद्धत १८९० पासून चालू आहे. डब्यावरच्या खुणा वाचून तो कुठल्या स्टेशनला उतरवायचा हे कळणं, हे पाच वर्षांच्या मुलासाठी गुप्तहेरकथेपेक्षा कमी नाही.

प्राण्यांची निवड यानंतर. सिंह, हत्ती, जिराफ काढले असतील तर बाजूला ठेवा, ते सगळ्या जगाचे झालेत. मुंबईचे रहिवासी आधीच ठरलेले आहेत: कावळा, घार, कबुतर, साळुंकी, मांजर, घूस, खार, मुंगूस, पाल, गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यातली म्हैस, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या, खारफुटीत लपणारा कोल्हा, शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. रोहित हे पाहुणे. दर वर्षी यायचे, पावसाळ्याआधी जायचे, त्यामुळे त्यांच्या खोलीला वर्षातले काही महिने कुलूप. आणि पेंग्विनला विसरू नका. २०१६ साली राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले. आजची मुलं त्यांना अस्सल मुंबईकरच समजतात. माझे पहिले गुरू आम्हाला स्केचबुक देऊन राणीच्या बागेत पाठवायचे आणि परतल्यावर फक्त पाय बघायचे. चेहरा कुणीही काढतं, म्हणायचे, वजन कुठल्या पायावर आहे ते दाखव. ही शिस्त त्यांच्याकडे पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनमधून, म्हणजे सरकारी चित्रपट विभागातून, आली होती. तिथे १९५६ साली डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स येऊन शिकवून गेले, आणि त्या पहिल्या तुकडीतले राम मोहन पुढे आपल्या सगळ्या धंद्याचे आजोबा झाले. त्या विभागाच्या पहिल्या कामांतलं एक जातककथेवरचं होतं, हरणांचं. म्हणजे सुरुवात आपणही प्राण्यांपासूनच केली.

एक गंमत मराठीत काम करणाऱ्यालाच कळते. आपल्या भाषेत प्राण्याला लिंग आधीच चिकटलेलं असतं. घार, घूस, खार, साळुंकी, पाल या 'ती'. कावळा, बेडूक, बगळा, खेकडा हे 'तो'. मुंगूस, कासव, कबुतर, माकड, वटवाघूळ 'ते'. इंग्रजी मालिकेत कुठलाही प्राणी मुलगा किंवा मुलगी करता येतो. आपण 'खार दादा' म्हटलं की चार वर्षांचं पोर थबकतं. हे अडचण म्हणून बघू नका. 'ती'वाल्यांना ऐटीची कामं द्या: घार विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये, घूस इंजिनिअर. पिल्लांची नावं तर इतकी सुरेख आहेत की शाळेचा हजेरीपट तयारच आहे: वासरू, रेडकू, करडू, कोकरू, शिंगरू, पाडस, बछडा.

आता कामाच्या वाटपाकडे येते. इथे मी स्वतः घसरले आहे, म्हणून जरा थांबून लिहिते.

त्याच पायलटमध्ये मी घुशीला गटारसफाईचं काम दिलं होतं. मला ते सरळ वाटलं: घूस गटारात राहते, तिला गटार माहीत, विनोदही होतील. लेआउट करणारा मुलगा, आमच्यात सगळ्यात धाकटा, दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहाला म्हणाला, "ताई, घूसच का? गटारात राहते म्हणून? माझे बाबा महापालिकेत सफाईला आहेत. आम्ही वसाहतीत राहतो. उद्या ही सिरियल लागली की शाळेत मला काय म्हणतील?" मला उत्तर सुचलं नाही. परदेशी मालिकेत डुक्कर खाटीक असेल नाहीतर कुत्रा पोलीस असेल, तिथे त्याचा अर्थ फारसा पुढे जात नाही. आपल्याकडे कामावरून माणूस ओळखायची सवय इतकी जुनी आहे की प्राण्याला काम दिलं रे दिलं, बघणारा त्यात जात शोधतो. आणि प्राण्याचं नाव आपल्याकडे निम्म्या वेळा शिवी असतं: गाढव, डुक्कर, माकड, बैल. दोन्ही एकत्र आले की तुमच्या गोड चित्राचं काय होईल सांगता येत नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. प्राण्याच्या राहण्याच्या जागेवरून त्याला काम द्यायचं नाही. त्याच्या अंगातल्या कसबावरून द्यायचं. घूस गटारात राहते हे विसरा. ती जमिनीखाली दिशा न चुकता बोगदा काढते हे घ्या. म्हणजे ती कुलाबा-वांद्रे-सीप्झ भुयारी मेट्रोवर इंजिनिअर, डोक्याला पिवळं हेल्मेट. आणि तिची सख्खी बहीण तबला वाजवते. म्हणजे नियमाचा दुसरा भाग: एका जातीचे प्राणी एकाच धंद्यात दिसता कामा नयेत, आणि एका धंद्यात एकाच जातीचे प्राणी नकोत. सफाईला कबुतर आहे, म्हैस आहे, एक शिकलेला बगळाही आहे, आणि त्यांचा मुकादम सुटीच्या दिवशी क्रिकेटची अंपायरगिरी करतो. कुठल्याही एका प्राण्याला एका समाजाचा पोशाख, एका गावची बोली, एका घरचं जेवण चिकटवायचं नाही. मालवणी बोलणारे तीन वेगळे प्राणी ठेवा, म्हणजे मालवणी राहील आणि शिक्का बसणार नाही.

बायका-पुरुषांचंही असंच. स्कॅरींच्या १९६३ सालच्या शब्दांच्या मोठ्या पुस्तकात पुढच्या आवृत्त्यांमध्ये बदल करावे लागले. स्वयंपाकघरात बाबा आले, आग विझवणाऱ्या 'फायरमन'मधला 'मॅन' गेला. आपल्याला उशिरा शहाणं व्हायची गरज नाही. मुंबईत २००० साली सुरेखा यादव यांनी लेडीज स्पेशल लोकल चालवली होती. मोटरमनच्या केबिनमध्ये साळुंकी बसली तर ते आदर्श वगैरे नाही, साधी बातमी आहे.

आडनावं तर टाकूच नका. जोशीकाकू म्हटलं की एक घर उभं राहतं, कांबळेकाका म्हटलं की दुसरं, आणि पाच वर्षांच्या मुलाला नसलं तरी त्याच्या आजीला ते लगेच दिसतं. चाळीत आडनावाशिवाय हाक मारायची सोय पूर्वीपासून आहे: बावीस नंबरच्या मावशी, वरचे काका, कोपऱ्यावरचे आजोबा. आणि नाव हवंच असेल तर पंचतंत्राकडे बघा. कावळा लघुपतनक, म्हणजे हलकेच झेपावणारा. कासव मंथरक, सावकाश चालणारं. कबुतरांचा राजा चित्रग्रीव, रंगीत मानेचा. नाव अंगावरून, चालीवरून, सवयीवरून. मुलांना संस्कृत नाव झेपणार नाही, पण युक्ती तीच वापरा.

कावळ्याबद्दल एक किस्सा सांगायलाच हवा. आमच्या पायलटमध्ये पोस्टमन कावळा होता. कावळा ओरडला की पाहुणा येणार असं आपण म्हणतोच. निरोप आणणं हे त्याचं परंपरेने चालत आलेलं काम. एका वाहिनीत दाखवायला गेलो. समोरचे गृहस्थ म्हणाले, कावळा अशुभ, पितृपक्षात बरा, पोपट करा, हिरवा रंग छान दिसेल. मी म्हटलं, मुंबईतल्या कुठल्याही खिडकीत बसा आणि पाच मिनिटांत किती पोपट येतात ते मोजा. हे बोलायला नको होतं. तो पायलट अजून माझ्या कपाटात आहे. तरी तुम्हाला सांगते, कावळा वगळू नका.

आकारांचा प्रश्न तुम्हाला मोठा वाटतोय, तो तेवढा नाही. चार मार्ग चालून झालेले आहेत. स्कॅरींनी बहुतेकांना एकाच मापाचं केलं आणि गांडूळ तेवढं लहान ठेवलं, एका बुटाचं, टोपीवालं, सफरचंदाच्या गाडीतून फिरणारं. कुणी त्याबद्दल प्रश्न विचारत नाही कारण मालिकेतलं कुणीच विचारत नाही. पेप्पा पिगमध्ये वर्गातली पोरं साधारण सारख्याच उंचीची आहेत, मग ससा असो की मेंढी. अमेरिकेत १९९६ पासून २०२२ पर्यंत चाललेल्या आर्थरमध्ये प्राणीपण चेहऱ्यापुरतंच आहे. आणि ब्लूई या ऑस्ट्रेलियन मालिकेत सगळे कुत्रेच, म्हणजे प्रश्नच मिटला. तुम्ही तीन मापं ठरवा, दाराच्या तीन उंच्या ठरवा, सगळ्यांना एका रेषेत उभं करून एक उंचीचा तक्ता काढा आणि तो भिंतीवर लावा. म्हैस आणि खार यांच्यातला खराखुरा फरक फक्त तिथेच वापरा जिथे त्यातून गोष्ट होते. लोकलमधली चौथी सीट घ्या ना. तीन जणांच्या बाकावर "जरा सरकून घ्या" म्हणत चौथा बसतो, ही मुंबईची अर्धी संस्कृती आहे. तिथे दोन म्हशी बसल्या आहेत आणि खार विचारतेय, चौथी सीट मिळेल का? हा भाग मी लिहिला असता तर मला झोप लागली नसती.

खाण्याचं विचारलं नाहीत, पण पुढे अडाल. मुंबई दाखवायची आणि मासळीबाजार दाखवायचा नाही, हे होणार नाही. मग मासे पात्रं असू शकत नाहीत. जो विकला जातो तो बोलत नाही, आणि जो बोलतो तो विकला जात नाही. हा गावाचा कायदा. पंचतंत्रातले तीन मासे चांगले शहाणपणाचं बोलतात, पण त्यांच्या तळ्यावरही कोळी आलेच होते, आणि ती गोष्ट साडेचार वर्षांच्या मुलीची नाही. दोरीवर वाळणारे बोंबील काढताना त्यांना भावना असलेले डोळे देऊ नका, एक ठिपका पुरे. बिबट्या आणि करडू एका वर्गात बसवायचे तर बिबट्याचा डबा पहिल्याच भागात उघडून दाखवा, पोळी-भाजी असू दे, आणि तो विषय कायमचा बंद करा.

आता हिशेब. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे पडद्यावर लागोपाठ येणारी स्थिर चित्रं, धरतात. मुलांच्या मालिकेचा भाग बहुतेक ११ मिनिटांचा असतो, ब्लूईचा ७, पेप्पाचा ५. अकरा मिनिटं म्हणजे १६,५०० फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी ८,२५०. हे एकटीने करायचं म्हटलं तर मुलगी कॉलेजात जाईल. पात्राचे हात, पाय, शेपूट सुटे करून कॉम्प्युटरवर जोडायचे, म्हणजे ज्याला आम्ही रिग म्हणतो, त्याने काम बरंच कमी होतं, पण संपत नाही. तुम्ही दोन मिनिटांचे भाग करा. तीन हजार फ्रेम, त्यातल्या पुष्कळ चाळीच्या त्याच बॅकग्राउंडवर.

चाल मात्र हाताने करा, निदान मुख्य चार पात्रांची. शिकवताना एका पावलाला बारा फ्रेम सांगतात, म्हणजे साधारण अर्धा सेकंद. ती रविवारी शिवाजी पार्कला फिरणाऱ्याची चाल झाली. सकाळी पावणेनऊला दादरच्या पुलावर आठ फ्रेम लागतात. रोहित पाहुणा वीस फ्रेमची पावलं टाकत त्याच पुलावर आला की एक शब्द न बोलता विनोद होतो.

गर्दी काढायला जाऊ नका. पुस्तकाच्या पानावर शंभर प्राणी काढता येतात, कारण ते हलत नाहीत. पडद्यावर ती गर्दी आवाजाने करायची. मोबाइल घेऊन स्टेशनवर उभ्या राहा: अनाउन्समेंट, ब्रेकचा किरकिराट, भंगारवाल्याची आरोळी, कुकरच्या शिट्ट्या, आणि सगळ्यांच्या मागे कावळे. हे साउंडट्रॅकवर असलं की पुढे चार पात्रं आणि मागे न हलणाऱ्या दहा आकृत्या पुरतात.

संवाद आधी रेकॉर्ड करा, चित्रं नंतर. डबिंगमध्ये आमची सगळ्यात जास्त तारांबळ उडते ती क्रियापदामुळे. मूळ इंग्रजी वाक्यात कृती आधी येते, टोपी उडते, मग उरलेलं वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे टोपी नाल्यात पोचली तरी आमचा कलाकार अजून कर्त्यावरच. तुमचं मूळच मराठी आहे, तर ती चाल वापरा: "अहो काका, तुमची टोपी... ती बघा... चालली नाल्यात!" आणि 'चालली'वर टोपी उडू द्या. ओठांसाठी आठ-नऊ आकार पुरतात. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटायलाच हवेत. आई चालेल, पण 'बाबा' म्हणताना तोंड उघडं राहिलं तर दोन वर्षांच्या पोरालाही खटकतं. बाकी ठिकाणी थोडं इकडेतिकडे झालं तर कुणी बघत नाही.

पिल्लांचे आवाज खऱ्या मुलांचे घ्या. आपल्याकडे बायका लहान आवाज काढतात आणि त्या फार गुणी असतात, पण ठरावीक लाडिकपणा येतोच. ब्लूईत मुलांचे आवाज काम करणाऱ्यांच्याच मुलांचे आहेत आणि त्यांची नावं जाहीर करत नाहीत, हे मला आवडतं. तुमच्या मुलीला ओळी पाठ करायला लावू नका. तिला नकाशासमोर बसवा, एक एक पात्र हातात द्या आणि विचारू द्या. ती विचारेल ते रेकॉर्ड करत राहा. तुमचे पहिले पाच भाग त्यातच असतील, शिवाय रेडकाचा आवाजही.

त्या दोन मिनिटांसाठी सॉफ्टवेअर आत्ताच विकत घेऊ नका. नकाशा, उंचीचा तक्ता, चाळीची एक बॅकग्राउंड आणि साठ-सत्तर चित्रांचा ॲनिमॅटिक, एवढं कागदावर होतं. पहिला भाग पाण्याचा. पहाटे साडेपाच, नळ खोकतो, आणि बावीस नंबरच्या घूसमावशी हेल्मेट घालून कळशी घेऊन सगळ्यांच्या आधी रांगेत.